‘कोणी पाहिलं’ हा रकाना

संशोधन केंद्रात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. तुरीची मळणी झाली की बांधाला तुराट्यांचा ढीग आपोआप उभा राहतो, तसे ते साठत जातात. बाहेरच्या लोकांना वाटतं, शास्त्रज्ञ म्हणजे दिवसभर भिंगातून काहीतरी बघत बसलेली माणसं. खरं सांगू का? आम्ही दिवसभर मोबाईल बघतो. तुमच्यासारखेच! फरक एवढाच, की तुम्हाला त्याची लाज वाटायचं कारण नाही आणि आम्हाला आहे. मला तर चांगलंच आहे, ते शेवटी सांगतो.

आमचं केंद्र शेवगावहून नेवाशाकडे जाताना लागतं. कोरडवाहू पिकांचं, छोटंसं. शास्त्रज्ञ तिघं. केंद्रप्रमुख गुंजाळ सर, किडींच्या शबाना मॅडम आणि तुरीच्या रोगांचा मी. चौथे भानुदास तात्या. कागदोपत्री ते मदतनीस, पण सगळ्या प्लॉटांच्या नोंदवह्या तीस वर्षं त्यांच्याच हातात.

नोंदवहीत चार रकाने. तारीख, प्लॉट, काय दिसलं आणि कोणी पाहिलं. चौथ्या रकान्याचा नियम जुन्या कुठल्याशा साहेबांनी घालून दिलेला. प्लॉटात स्वतः उभं राहून ज्यानं पाहिलं, त्याचंच नाव तिथे यायचं. कोणी गेलंच नसेल तर रकाना मोकळा ठेवायचा, आणि मोकळ्या रकान्याची नोंद निकालात धरायची नाही.

एकदा गुंजाळ सर रस्त्यावरून जाताना जीपच्या काचेतून प्लॉट बघून आले आणि म्हणाले, आजच्या तारखेला माझं नाव लिहा. तात्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"जीपमधून बगितलेलं आपन धरत न्हाई, सर."

सर मुकाट्यानं चपला घालून प्लॉटात गेले.

*

पूर्वी आमच्याकडे वाचनालय होतं. मग इंटरनेट आलं आणि वाचनालयाच्या खोलीत खतांची पोती आली. पण इंटरनेट ऑफिसात येत नव्हतं. ते यायचं खळ्याशेजारच्या बाभळीखाली. त्यामुळे केंद्राचे तिन्ही शास्त्रज्ञ खुर्च्या घेऊन बाभळीखाली, आणि ऑफिसात फक्त पंखा फिरतोय, असं दृश्य रोजचं.

वरच्या ऑफिसातून एक साहेब अचानक तपासणीला आले. ऑफिस रिकामं. त्यांनी तात्यांना विचारलं, सगळे झाडाखाली काय करतायत?

"अभ्यास चाललाय," तात्या म्हणाले. "रेंज तितंच येती."

गुंजाळ सरांची शोधायची पद्धत तर बघण्यासारखी. सरांची सगळी नोकरी अर्ज लिहिण्यात आणि अर्ज वाचण्यात गेलेली. ते शोधायच्या चौकटीत लिहायचे, ‘तुरीवरील मर रोगाबाबत अद्ययावत माहिती मिळावी, ही नम्र विनंती.’ एकदा मी मागून डोकावलो तर खाली ‘आपला विश्वासू’ सुद्धा होतं! मी हसू दाबत विचारलं, सर, काही उत्तर आलं का?

"आलंय भरपूर," सर गंभीरपणे म्हणाले. "पण एकाही उत्तरावर कुणाची सही नाही."

तेव्हा मी हे शबाना मॅडमना सांगून सांगून हसलो. आता सरांचं ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

*

शबाना मॅडम आमच्यात सगळ्यांत हुशार. त्यांना शेंगा पोखरणाऱ्या अळीवरचा एक जुना शोधनिबंध हवा होता. इंटरनेटवर त्याचं नाव दिसायचं, चार ओळींचा सारांश दिसायचा, आणि पुढे कुलूप. पैसे भरा आणि वाचा. मॅडमनी पैसे न भरता लेखकालाच इंग्रजीत पत्र लिहिलं. तो परदेशात कुठेतरी निवृत्त होऊन बसलेला. तीन आठवडे मॅडम रोज बाभळीखाली जाऊन उत्तर आलं का बघायच्या.

उत्तर आलं. फार सभ्य होतं. त्यानं लिहिलं होतं, माझ्याकडे आता प्रत नाही, पण त्या लेखातली सगळी निरीक्षणं महाराष्ट्रातल्या एका लहानशा केंद्रानं पाठवली होती, मूळ वह्या तिथे असतील. खाली केंद्राचं नाव होतं. आमचंच!

मॅडमनी ते पत्र दोनदा वाचलं आणि तात्यांना विचारलं. तात्यांनी डाव्या हाताचं कपाट उघडलं, खालून दुसरा कप्पा, आणि दोन मिनिटांत वही टेबलावर ठेवली. चौथ्या रकान्यात पानभर त्यांचंच नाव होतं. मॅडम ओशाळून म्हणाल्या, तात्या, आधी का नाही सांगितलं?

"मला कुटं इचारलं तुमी? तुमी त्या गोऱ्याला इचारत हुता."

*

आता माझा नंबर. शिर्डीला एका हॉटेलात शेतकरी मेळावा होता. खाली साईभक्तांची गर्दी आणि वर गार हॉलमध्ये आम्ही. मी तुरीवर बोलणार होतो. आदल्या दिवशी बाभळीखाली बसून मी एक छान निष्कर्ष शोधून काढला होता. अमुक वेळी पाण्याची एक पाळी कमी केली तरी तुरीचं उत्पादन घटत नाही. सारांशात स्पष्ट लिहिलं होतं. सारांशाच्या पुढे मी गेलो नव्हतो. आपल्यात ठेवा, पण सारांशाच्या पुढे आमच्यातलं फार कुणी जात नाही.

भाषण रंगलं. टाळ्या पडल्या. मग मधल्या रांगेतले एक म्हातारे शेतकरी उठले आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला, हा प्रयोग कुठं केला होता, शेतात का दुसरीकडं? मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "शेतात." म्हाताऱ्यांनी खिशातून डायरी काढून ते लिहून घेतलं.

परतताना जीपमध्ये तात्या मागे तुरीच्या नमुन्यांच्या पेंढ्या धरून बसले होते. राहुरी आली तसे ते पुढे वाकले. मग म्हणाले, "सर, ते शेत तुमी बगितलं हुतं का?"

मी म्हणालो, अहो तात्या, ते शेत कुठल्या कुठे, परदेशात. दुसऱ्या दिवशी मी तो निबंध मुळापासून वाचला. प्रयोग शेतात नव्हता, काचघरात होता. कुंड्यांमध्ये! त्या म्हाताऱ्यांचं नाव-गाव मी विचारून घेतलं नव्हतं. त्यांच्या डायरीत अजूनही ‘शेतात’ असं लिहिलेलं असणार.

*

एकदा नेवाशाच्या बाजूची एक बाई वांग्याचं पान घेऊन आली. पिशवीत ओल्या फडक्यात नीट गुंडाळून आणलेलं. त्या दिवशी शबाना मॅडम रजेवर होत्या, म्हणून पान गुंजाळ सरांपुढे आलं. सरांनी पान हातात घेतलं, गंभीर झाले, आणि "एक मिनिट हं बाई" म्हणत पान टेबलावर ठेवून मोबाईल घेऊन बाभळीकडे निघाले. मीही मदतीला गेलो. बाई आमच्या मागोमाग आली. आम्ही तिच्याकडे पाठ करून शोधायला लागलो. ती मागून शांतपणे बघत होती.

"सर, दोन नंबरचं उगडू नका," ती म्हणाली. "ते औषदाच्या जाहिरातीचं हाय. तीन नंबरला पान आपल्यासारकं दिसतं, पन ते मिरचीचं निगलं. मी काल सगळं बगितलंय."

आमची दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली. बाई पंचवीस किलोमीटर एसटीनं आली होती, ती मोबाईलमध्ये न सापडलेलं विचारायला. आणि आम्ही तिला तोच मोबाईल परत दाखवत होतो.

तेवढ्यात तात्या टेबलावरचं ते पान घेऊन तिथे आले, त्यांनी ते उलटं केलं आणि उन्हात धरलं. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी, आणि जाळीत लाल ठिपके चालत होते. लाल कोळी. बाई धरून आम्ही तिघांनी मिळून पान एकदाही उलटं केलं नव्हतं.

*

आता जे सांगतो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तात्यांची केंद्रापासून तीन किलोमीटरवर थोडी जमीन आहे. तिथे त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं मोसंबीची सोळा झाडं लावली होती. दोन उन्हाळे त्या बाईनं कळशीनं पाणी घालून ती जगवली, आणि झाडांना पहिली फळं धरायच्या आत ती गेली. तात्या रोज केंद्रातून सुटल्यावर घरी न जाता आधी झाडांकडे जायचे. झाडांची नावं नव्हती, नंबर होते. एक ते सोळा, केंद्रातल्यासारखे.

एका दुपारी त्यांनी माझ्यापुढे एक डहाळी ठेवली. पानं पिवळी पडलेली. "सर, एकदा येऊन बगता का? लांब न्हाई."

मी तुरीचा माणूस, मोसंबीतलं मला काही कळत नाही. तसं म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण शास्त्रज्ञाला ‘माहीत नाही’ म्हणणं जड जातं. मी म्हणालो, यायची गरज नाही, इथेच बघतो. आणि डहाळी टेबलावर ठेवून मोबाईल घेऊन बाभळीखाली गेलो.

वीस मिनिटांत सापडलं. ग्रीनिंग नावाचा रोग. औषध नाही. ‘अशी पानं दिसताच झाड मुळासकट काढावे, अन्यथा शेजारच्या बागेतही पसरतो.’ एका ठिकाणी वाचून मी थांबलो नाही हो! आपण शास्त्रज्ञ, खात्री करून घेतो. दुसऱ्या ठिकाणी पाहिलं, तेच. तिसऱ्या ठिकाणीही तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. तीन ठिकाणी तेच म्हणजे पक्कं.

तात्यांनी फक्त एवढंच विचारलं, "सगळीच का, सर?"

मी म्हणालो, सगळीच. उशीर केला तर शेजाऱ्याच्या बागेचं पाप तुमच्या माथी.

तात्यांनी आठ दिवसांची रजा टाकली. दिवाळी होऊन गेली होती, गावातले हाताखाली येणारे सगळे ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. पाइपलाइन फुटेल म्हणून जेसीबीही लावता येत नव्हता. त्यांनी एकट्यानं कुदळीनं झाडं काढली. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं होतं, ‘झाडे काढणे’. खाली शिफारस म्हणून सही माझी होती.

*

पाच-सहा महिन्यांनी विदर्भातले एक मोसंबीवाले शास्त्रज्ञ आमच्या भागात आले. त्यांना फिरवायला मी आणि तात्या जीपमधून गेलो. वाटेत चहासाठी थांबलो ती जागा नेमकी तात्यांच्या शेजाऱ्याची बाग. तिथली पानंही तशीच पिवळी. मी हुशारीनं म्हणालो, ग्रीनिंग ना? त्यांनी दोन झाडांमधून फिरून चार-सहा पानं शिरेवर दुमडून पाहिली. मग बुटानं माती उकरली. खाली पांढरी चुनखडी.

"छे हो," ते म्हणाले. "शिरेच्या दोन्ही बाजू सारख्याच पिवळ्या आहेत. या चुनखडीमुळे जस्त कमी पडलंय. दोन फवारण्या केल्या की हिरवी होतील. ग्रीनिंग असलं तरी आधी तपासणी करायची असते. नुसतं बघून कोण झाडं काढतं?"

तात्या जीपच्या मागे पाण्याचा कॅन भरत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. मी तिकडे बघितलंच नाही.

परत आल्यावर मी बाभळीखाली जाऊन मोबाईलवरची ती तिन्ही पानं पुन्हा उघडली. या वेळी सावकाश वाचली. तिन्हींत एक वाक्य होतं, ‘पानावर बाभळीच्या सावलीसारखे पिवळे-हिरवे ठिपके दिसतात.’ मी वर बघितलं. डोक्यावर बाभूळ होती.

त्याच्या दोन वर्षं आधी शेतीच्या एका पुरवणीला संध्याकाळपर्यंत मोसंबीवर लेख हवा होता. लिहिणारे ऐनवेळी आजारी पडले आणि संपादकांनी मला गळ घातली. मी ग्रीनिंगचं एकही झाड आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. याच झाडाखाली बसून, पाच ठिकाणचं शोधून, मी लेख जुळवला. इतर सगळं इकडचं तिकडचं, फक्त बाभळीची उपमा माझी स्वतःची. लेख दहा-बारा शब्दांनी जास्त भरला म्हणून मी काही शब्द उडवले. जुना मसुदा अजून मोबाईलमध्ये होता. उडवलेल्या शब्दांत हेही होते, ‘प्रयोगशाळेत तपासणी करून खात्री झाल्यावरच’.

त्या लेखावरून तिघांनी उतरवून घेतलं होतं. तीन ठिकाणी खात्री करून घेतली म्हणजे मी तीनदा मलाच विचारलं होतं. मला तिथेच बसून राहावंसं वाटलं, आणि कुणी बघितलं तर काय सांगायचं म्हणून उठावंसंही वाटलं.

*

तात्यांना सांगायचं ठरवलं. ठरवण्यात चार महिने गेले. एकदा ते मक्याची कणसं घेऊन घरी आले तेव्हा सांगणार होतो, तर माझ्या बायकोनं त्यांना चहाला बसवलं आणि राहून गेलं. एकदा प्लॉटात दोघेच होतो तेव्हा मी "तात्या, ते मोसंबीचं" एवढं म्हणालो. ते म्हणाले, "झालं गेलं, सर. चला, सात नंबरच्या सऱ्या बगून घिऊ." आणि मी सुटलो. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंच वाटलं.

शेवटी काय केलं सांगू? बाभळीखाली जाऊन शोधलं, ‘माफी कशी मागावी’. पहिल्याच निकालात नमुनापत्र होतं. चांगलं होतं. फक्त नाव घालायची जागा रिकामी होती. मी नाव घातलं, वाचलं आणि पुसून टाकलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

*

परवा तात्या निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला, गुंजाळ सरांचं भाषण झालं. तात्यांनी सगळ्यांसाठी पिशवीभर मोसंबी आणली होती. शेवगावच्या बाजारातली असेल असं मला वाटलं. गोड होती. मी दोन खाल्ली.

मग वह्या जमा करायचं काम. आमच्याकडे पद्धत अशी, की वही जमा होताना प्रत्येक पानाखाली शास्त्रज्ञानं सही करायची. तिथे छापलेलंच असतं, ‘तपासले’. तात्या एकेक वही पुढे सरकवत होते आणि मी सह्या करत होतो. तीस वर्षांत त्यांनी एकही पान खाडाखोड करून ठेवलं नव्हतं.

शेवटच्या वहीचं शेवटचं पान उलटलं. वर लिहिलं होतं, ‘मोसंबी, घरची’. खाली नेहमीचे चार रकाने. एकाखाली एक पंधरा ओळी. तारीख सगळीकडे तीच, ज्या दुपारी त्यांनी डहाळी आणली होती ती. झाड एक, झाड दोन, झाड तीन, असं पंधरापर्यंत. तिसऱ्या रकान्यात पंधराही ठिकाणी, ‘ग्रीनिंग’. चौथा रकाना पंधराही ठिकाणी मोकळा.

त्याखाली झाड सोळा. ‘काढलं नाही.’ खालच्या ओळीत आम्ही चहाला थांबलो होतो त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. ‘जस्त फवारलं.’ मग, ‘नवी पालवी हिरवी.’ मग, ‘फळं धरली.’ आणि शेवटी परवाचीच तारीख, ‘फळं उतरवली, एक पिशवी.’ या प्रत्येक ओळीपुढे चौथ्या रकान्यात नाव होतं. भानुदास.

मी पेन हातात धरून बसलो. तात्या दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते.

"सर, त्या पानावर पन सही लागंल," ते म्हणाले. "बिनसहीचं पान मी जमा करत न्हाई."